इलेक्ट्रिक गिटार घेताय? आधी ब्रिज पाहा!

गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत आणि वस्तीत भेटणाऱ्या पालकांच्या बोलण्यात एक विषय वारंवार येत आहे. मुलगा दहावी पास होतो, मुलगी बारावीला चांगले गुण मिळवते, आणि बक्षीस काय हवे असे विचारले की उत्तर येते, "गिटार. पण साधी नको, इलेक्ट्रिक!" आईवडिलांपैकी कोणी महापालिकेत, कोणी कंपनीत, कोणी चार घरी काम करणारे. दिवाळीचा बोनस किंवा पतपेढीचे छोटे कर्ज हाताशी धरून ते मुलासह दुकानात जातात. तिथे काउंटरवरचा माणूस पहिलाच प्रश्न टाकतो, "फिक्स ब्रिज हवा, की ट्रेमोलो? की लॉकिंग?" वडील मुलाकडे पाहतात, मुलगा वडिलांकडे. मग दुकानदार जी गिटार दाखवेल ती घरी येते.

हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. पण आमच्या पाहण्यात अशी कितीतरी घरे आहेत, की जिथे हौसेने आणलेली गिटार सहा महिन्यांत कपाटावर गेली. मुलाला विचारावे तर तो म्हणतो, "माझ्या हाताला सूर नाही." खरी गोष्ट अशी असते, की त्याच्या हातात दोष नसतो. चुकीचा ब्रिज असलेली गिटार त्याच्या गळ्यात बांधलेली असते. ती सुरात राहत नाही, आणि पोर स्वतःला बेसूर समजून बसते. पैसे गेल्याचे दुःख एकवेळ विसरता येते. पण आपल्या मुलाने "हे आपल्याला जमणार नाही" असे मनात धरले, तर ते नुकसान मोठे. म्हणून या वेळी आम्ही हाच विषय घेतला आहे.

ब्रिज म्हणजे काय?

सतार, तंबोरा यांच्या तारा ज्या उंचवट्यावरून जातात त्याला आपण घोडी म्हणतो. गिटारवाले तिलाच ब्रिज म्हणतात. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज तारांखाली बसवलेल्या चुंबकांच्या पिकअपमधून वायरने ॲम्प्लिफायरला जातो, म्हणून तिचे अंग पोकळ नसून बहुधा भरीव लाकडाचे असते. या लाकडावर धातूचा ब्रिज बसवलेला असतो. त्याला तीन कामे असतात.

पहिले काम तारा घट्ट धरून ठेवण्याचे. हे काम सोपे नाही. बाजारात "नऊ नंबर" म्हणून मिळणारा बारीक तारांचा संच नेहमीच्या सुरात लावला, की सहा तारा मिळून ब्रिजला सुमारे ३८ किलोच्या जोराने ओढतात. "दहा नंबर"चा संच सुमारे ४६ किलोने ओढतो. म्हणजे जवळजवळ एका माणसाचे वजन त्या छोट्या पट्टीला रात्रंदिवस ओढत असते.

दुसरे काम उंची ठरवण्याचे. तारा फार उंच असल्या तर शिकणाऱ्याची बोटे दुखतात, फार खाली असल्या तर पडद्यांना घासून खरखर येते. तिसरे काम लांबी ठरवण्याचे, आणि तेच सर्वांत नाजूक. तार बरोबर मध्यावर, म्हणजे बाराव्या पडद्यावर (गिटारवाले याला फ्रेट म्हणतात) दाबली, की तोच सूर वरच्या सप्तकात वाजला पाहिजे. पण बोटाने दाबताना तार थोडी ताणली जाते आणि सूर चढतो. जाड तारेत हा फरक जास्त पडतो. तो भरून काढण्यासाठी प्रत्येक तारेला थोडी वेगवेगळी लांबी द्यावी लागते. म्हणून चांगल्या ब्रिजवर प्रत्येक तारेखाली एकेक छोटा तुकडा असतो, त्याला सॅडल म्हणतात. स्क्रू फिरवून हे सॅडल पुढेमागे सरकवता येते. सहा सॅडल एका ओळीत न दिसता तिरकस पायरीसारखी दिसतात त्याचे कारण हेच.

स्थिर ब्रिज : हिशेबनिसाची देणगी

आता प्रकार पाहू. सर्वांत साधा तो स्थिर ब्रिज. दुकानात याला फिक्स ब्रिज किंवा हार्डटेल म्हणतात. धातूची एक पट्टी लाकडावर स्क्रूने घट्ट बसवलेली असते. हलणारा भाग कोणताच नाही. बऱ्याच गिटारींत तारा मागच्या बाजूने लाकडातून ओवून वर घेतलेल्या असतात.

या प्रकारामागचा माणूस आमच्यासारख्या कारकुनी करणाऱ्यांना जवळचा वाटावा असा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावचा लिओ फेंडर (१९०९-१९९१) हा शिकला होता हिशेबनिशी. मंदीच्या काळात त्याची नोकरी गेली. त्याने १९३८ मध्ये गावात रेडिओ दुरुस्तीचे दुकान टाकले. तिथे वादक मंडळी आपले ॲम्प्लिफायर दुरुस्तीला आणत. त्यांच्या तक्रारी ऐकत ऐकत तो गिटार बनवण्याकडे वळला. गंमत अशी, की त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. पण कोणता भाग लवकर बिघडतो, कोणता सहज बदलता येतो, याचा विचार त्याच्याइतका फार थोड्यांनी केला असेल. १९५० मध्ये त्याने भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली, १९५१ पासून ती टेलिकास्टर या नावाने ओळखली जाते. तिच्या जुन्या घडणीच्या ब्रिजवर तीनच सॅडल असतात, एकेका सॅडलवर दोन दोन तारा. त्यामुळे लांबीच्या बाबतीत थोडी तडजोड करावी लागते. आज अनेक टेलिकास्टर आणि तिच्या नकला सहा सॅडलच्या मिळतात. नवशिक्याने सहा सॅडलची घ्यावी, म्हणजे प्रत्येक तार स्वतंत्र जुळवता येते.

स्थिर ब्रिजचाच दुसरा प्रकार म्हणजे ट्यून-ओ-मॅटिक. हा मिशिगन राज्यातल्या कॅलमझू येथील गिब्सन कंपनीने १९५४ मध्ये आणला. त्या वेळी कंपनीचे प्रमुख टेड मॅकार्टी होते. यात दोन खुंट लाकडात रोवलेले असतात, त्यांवर सहा सॅडलची आडवी पट्टी बसते, आणि तिच्या मागे तारा अडकवण्यासाठी आणखी एक जाड दांडा असतो. लेस पॉल नावाच्या गिटारवर तुम्ही हा पाहिला असेल. यातही सूर चांगला टिकतो. फरक इतकाच, की उंची दोन्ही टोकांच्या चाकांनी ठरते. म्हणजे जाड तारांची बाजू किंवा बारीक तारांची बाजू उचलता येते, एकच तार वेगळी उचलता येत नाही. आणखी एक सूचना. या गिटारच्या सगळ्या तारा एकदम काढल्या, तर मागचा दांडा आणि बहुधा ब्रिजही सुटून खाली पडतो, रंगाला ओरखडा पडतो आणि घरात रडारड होते! तारा एकेक करून बदलाव्यात.

ट्रेमोलो : तराजूचा खेळ

लिओ फेंडरनेच १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर ही गिटार आणली आणि तिला हलणारा ब्रिज दिला. ब्रिजला एक बारीक दांडी जोडलेली असते. वाजवता वाजवता ती दाबली, की सगळ्या तारा सैल होऊन सूर खाली येतो, सोडली की परत वर जातो. सुरात एक लहर येते. फेंडरने याला ट्रेमोलो म्हटले, आणि तेच नाव रूढ झाले. खरे पाहता ट्रेमोलो म्हणजे आवाज लहान-मोठा होणे. सूर वर-खाली होण्याला व्हायब्रॅटो म्हणतात. पण दुकानात ट्रेमोलो म्हटले तरच काम होईल!

हे चालते कसे, ते एकदा नीट समजून घेतले की पुढचे सगळे सोपे जाते. गिटारच्या पाठीवरचे प्लॅस्टिकचे झाकण काढा. आत स्प्रिंगा दिसतील, कधी तीन, कधी पाच. त्यांचे एक टोक ब्रिजखालच्या धातूच्या ठोकळ्याला आणि दुसरे टोक लाकडात दोन स्क्रूंनी बसवलेल्या पंजाला अडकवलेले असते. वर तारा ब्रिजला ओढतात, खाली स्प्रिंगा त्याला उलट दिशेने फिरवू पाहतात. दोघांचा जोर सारखा झाला की ब्रिज मध्ये स्थिर राहतो. म्हणजे हा भाजीवाल्या मावशींचा तराजू झाला. एका पारड्यात तारांचे चाळीसेक किलो, दुसऱ्यात स्प्रिंगांचे तितकेच.

तराजूचा गुण तोच त्याचा दोष. एका पारड्यातले जरा काही हलले, की दुसरे हलणारच. नवशिका एक तार सुरात लावतो, त्यामुळे ताण वाढून ब्रिज किंचित पुढे झुकतो आणि आधी लावलेल्या तारा उतरतात. त्या लावाव्यात तर पहिली बिघडते. ज्याला माहीत आहे तो चार फेऱ्या मारून जुळवतो. ज्याला माहीत नाही तो रडकुंडीला येतो. आणि मधेच एखादी तार तुटली, तर स्प्रिंगांचे पारडे जड होऊन उरलेल्या पाचही तारा एकदम चढतात.

हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. आपल्या वस्त्यांतून गायन पार्टी आणि ऑर्केस्ट्रात कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकीच्या जोडीला गिटारही आली आहे. जयंतीच्या रात्री मंचावर गायक रंगात आला आहे, समोर बायाबापड्या, पोरे बसली आहेत, आणि गिटारची तार तुटली. स्थिर ब्रिज असेल, तर वादक उरलेल्या पाच तारांवर गाणे पुरे करतो, कोणाला कळतही नाही. हलता ब्रिज असेल, तर त्याच क्षणी गिटार बेसूर. मोठ्या वाद्यवृंदातील वादकांकडे दुसरी गिटार तयार असते. आपल्या पोरांकडे एकच असते, आणि तीही कधी कधी मंडळाची!

दुसरी गोष्ट मींडेची. आपल्या गाण्यांत सूर सरळ उडी मारत नाही, घसरत, वळत जातो. गिटारवर हे काम डाव्या हाताचे बोट तार आडवी ओढून करते. त्यासाठी ट्रेमोलोची दांडी लागत नाही. पुष्कळ मुलांचा समज असतो की दांडी असल्याशिवाय सूर वळवता येत नाही. उलट हलत्या ब्रिजवर एक तार ओढली, की ब्रिज झुकतो आणि बाकीच्या तारा उतरतात. एक तार ओढून शेजारची तार वाजती ठेवायची असेल, तर ती बेसूर ऐकू येते. स्थिर ब्रिजवर हा त्रास नाही. शेजारी हार्मोनियम किंवा कीबोर्ड असेल तर त्यांचे सूर ठरलेले असतात, त्यामुळे गिटार तिळभर घसरली तरी ऐकणाऱ्याला खटकते.

याचा अर्थ ट्रेमोलो वाईट असा नाही. जिमी हेंड्रिक्स, जेफ बेक यांच्यासारख्या वादकांनी त्या दांडीतून जे काढले ते दुसऱ्या कशातून निघाले नसते. पण त्याच स्ट्रॅटोकास्टरवर नाव कमावलेल्या एरिक क्लॅप्टनने आतल्या ठोकळ्यामागे लाकडाचा तुकडा ठोकून ब्रिज कायमचा स्थिर करून टाकला होता. इतका मोठा वादक दांडीवाचून वाजवू शकतो, तर आपल्या मुलाची पहिली दोन वर्षे तिच्यावाचून अडणार नाहीत.

बिग्सबी आणि लॉकिंग ब्रिज

याखेरीज दोन प्रकार दुकानात दिसतात. पॉल बिग्सबी या कॅलिफोर्नियातल्या कारागिराने केलेला बिग्सबी ब्रिज पट्ट्याजवळ मोठ्या चकचकीत धातूकामासह दिसतो. त्याची लहर सौम्य असते. दिसायला देखणा, पण तारा बदलणे किचकट. पहिल्या गिटारला नको.

दुसरा प्रकार लॉकिंग ब्रिजचा, म्हणजे फ्लॉइड रोझ पद्धतीचा. मुलांना सर्वांत जास्त मोह याचाच पडतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. साध्या ट्रेमोलोची दांडी जोरात दाबली, की तारा नटमध्ये (म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीत) घसरतात आणि परत पूर्वीच्या जागी येत नाहीत. फ्लॉइड रोझ या अमेरिकन वादकाने यावर उपाय शोधला. तारा दोन्ही टोकांना, नटपाशी आणि ब्रिजपाशी, स्क्रूने आवळून टाकायच्या. घसरायला जागाच ठेवायची नाही. १९७९ मध्ये त्याला याचे पेटंट मिळाले. एडी व्हॅन हेलनने हा ब्रिज वापरल्यावर १९८० च्या दशकात रॉक वाजवणाऱ्यांत त्याची लाटच आली.

कल्पना उत्तम आहे, यात शंका नाही. दांडी कितीही दाबा, सूर जागेवर परत येतो. पण त्याची किंमत पाहा. तार बदलायची तर अ‍ॅलन चावी हवी. तारेच्या टोकाची गोळी कापायला पक्कड हवी. नट आवळल्यावर वरच्या खुंट्या निरुपयोगी होतात, सूर ब्रिजवरच्या छोट्या स्क्रूंनीच जुळवावा लागतो. तारांचा नंबर बदलला तर स्प्रिंगांचा तोल पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. गायकाला आज पट्टी उतरवून हवी आहे, सगळ्या तारा अर्धा सूर खाली घ्या म्हणाला, तर स्थिर ब्रिजवर हे पाच मिनिटांचे काम आहे. लॉकिंग ब्रिजवर कार्यक्रम सुरू व्हायच्या आत होईल याची खात्री नाही.

त्यात स्वस्त गिटारींवर जे लॉकिंग ब्रिज बसवलेले असतात ते फार वेळा मऊ धातूच्या ओतकामाचे असतात. हा ब्रिज दोन खुंटांवर सुरीच्या धारेसारख्या कडांनी टेकलेला असतो. धातू मऊ असला की ती धार बोथट होते, आणि एकदा बोथट झाली की ब्रिज जागेवर परत येत नाही. म्हणजे ज्या गुणासाठी पैसे मोजले तोच गुण जातो. "परवान्यावर बनवलेला" असे त्यावर कोरलेले असले, तरी मूळ कंपनीचा चांगल्या पोलादाचा ब्रिज आणि हा एकच असे समजू नये.

जमाखर्च मांडून पाहा

आम्ही वाणिज्य शाखेचे, म्हणून हिशेब मांडल्याशिवाय आम्हांला चैन पडत नाही. समजा, गिटारसाठी तुम्ही एक ठरावीक रक्कम बाजूला काढली आहे. एकाच किमतीच्या दोन गिटारी समोर ठेवल्या, एक स्थिर ब्रिजची, एक लॉकिंगची. दुसरीतल्या किमतीचा बराच भाग त्या यंत्रात, स्प्रिंगांत, खुंटांत गेलेला असतो. पहिलीत तोच पैसा मान, खुंट्या आणि पिकअप यांच्यावर खर्च करायला कारखानदाराला वाव असतो. शिकणाऱ्याच्या हाताला रोज लागते ती मान आणि खुंट्या. म्हणून कमी बजेटमध्ये साधा ब्रिजच किफायतशीर.

शिवाय सगळी रक्कम गिटारवर घालू नका. ॲम्प्लिफायर, वायर, पट्टा, कव्हर, जादा तारांचे दोन संच आणि गिटार नीट जुळवून देणाऱ्या कारागिराची मजुरी, एवढे खर्च आधीच कागदावर लिहा. हे न लिहिता गेलेले पालक गिटार घेऊन येतात, आणि ॲम्प्लिफायरसाठी पुढच्या बोनसची वाट पाहतात. तोवर मुलाचा उत्साह ओसरतो.

आता कोणी काय घ्यावे, ते थोडक्यात सांगतो.

मुलगा किंवा मुलगी पहिल्यांदाच शिकत असेल, तर स्थिर ब्रिज. सहा सॅडलचा हार्डटेल किंवा ट्यून-ओ-मॅटिक, दोन्ही चालतील.

मंडळाची किंवा गायन पार्टीची एकच गिटार अनेक जण वाजवणार असतील, तर स्थिर ब्रिजच. दहा हातांत फिरणाऱ्या वस्तूत हलणारे भाग जितके कमी तितके बरे.

दोन-तीन वर्षे वाजवून झाली आहेत, स्वतः तारा बदलता येतात, कान तयार झाला आहे, तर स्ट्रॅटोकास्टर पद्धतीचा ट्रेमोलो घ्यायला हरकत नाही.

लॉकिंग ब्रिज, मुलाला खरोखरच त्या प्रकारचे रॉक संगीत वाजवायचे असेल आणि घरात दुसरी गिटार असेल तरच. ती दुसरी गिटार तोवर त्याने स्वतःच्या कमाईतून घेतलेली असली तर उत्तमच.

आणखी एक सांगावेसे वाटते. मुलीने गिटार मागितली की काही घरांत "तुला काय करायची?" असे विचारतात. मुलग्याला हा प्रश्न विचारत नाहीत. ब्रिज कोणता, हे मुलगा की मुलगी यावरून ठरत नाही, आणि गिटार घ्यायची की नाही हेही त्यावरून ठरू नये.

ज्यांनी आधीच घेतली त्यांचे काय?

हा अंक वाचणाऱ्यांपैकी काहींच्या घरी हलत्या ब्रिजची गिटार आधीच कपाटावर असेल. तिला मोडीत काढू नका. साधा ट्रेमोलो असेल तर उपाय घरच्या घरी होतो. तारा सैल करा. पाठीवरचे झाकण काढा. पंजाचे दोन्ही स्क्रू स्क्रूड्रायव्हरने सारखे सारखे आवळत जा. मग तारा पुन्हा सुरात लावून पाहा. ब्रिजची पट्टी लाकडाला पूर्ण टेकून बसली पाहिजे. पट्टी अजून उचललेली दिसली तर तारा सैल करून आणखी आवळा, किंवा एखादी स्प्रिंग वाढवा. यानंतर तार तुटली तरी बाकीच्या तारा चढणार नाहीत, कारण ब्रिजला मागे जायला जागाच उरली नाही. दांडीने सूर खाली नेता येईल, वर नेता येणार नाही इतकेच. एडी व्हॅन हेलननेही आपला लॉकिंग ब्रिज असाच लाकडाला टेकवून ठेवला होता.

दांडी अजिबातच नको असेल, तर ठोकळा आणि गिटारच्या शेपटीकडची पोकळीची भिंत यांच्यामध्ये बरोबर मापाचा कठीण लाकडाचा तुकडा बसवा. वस्तीतला सुतार दहा मिनिटांत कापून देईल. तुकडा ठोकून कोंबू नका, हलक्या हाताने सरकला पाहिजे. लॉकिंग ब्रिज असेल तर मात्र ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना तुकडे लागतात. ते काम जाणकाराकडूनच करून घ्या.

दुकानात पाच मिनिटे

गिटार घेताना या परीक्षा जरूर करा. मोबाईलवर ट्यूनरचे फुकट ॲप मिळते, ते घेऊन जा.

एक. प्रत्येक तार सुरात लावून बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसते टेकवून छेडा, घंटेसारखा सूर येईल. मग तिथेच तार दाबून वाजवा. दोन्ही सूर सारखे हवेत. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मानेपासून दूर न्यावे लागते, उतरा असेल तर मानेकडे. दुकानदाराला तिथेच करायला सांगा. सॅडलला सरकायला जागाच उरली नसेल तर ती गिटार घेऊ नका.

दोन. तार बोटाने चांगली ओढा, दहा-वीस वेळा. नंतर सूर तपासा.

तीन. ट्रेमोलो असेल तर दांडी दाबून सोडा, पुन्हा तपासा.

चार. सॅडलचे स्क्रू फिरतात का, गंजलेले नाहीत ना, ते पाहा. त्यांची अ‍ॅलन चावी मागून घ्या. ही चावी हरवली की ब्रिज असून नसल्यासारखा.

पाच. मानेच्या दोन्ही कडांपासून बाहेरच्या तारा सारख्या अंतरावर आहेत का, पाहा. एक तार कडेवरून घसरत असेल तर ब्रिज किंवा मान तिरकी बसली आहे.

पावसाळा आणि निगा

मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत ब्रिजचा शत्रू म्हणजे गंज. हाताचा घाम सॅडलवर बसतो, पावसाळ्यात स्क्रू धरतात, मग दोन वर्षांनी काहीच फिरत नाही. वाजवून झाले की कोरड्या सुती फडक्याने तारा आणि ब्रिज पुसावा. महिन्या-दोन महिन्यांनी स्क्रूच्या आट्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब काडीने लावावा. लाकडावर सांडू देऊ नये. तीच तार पुन्हा पुन्हा ब्रिजपाशीच तुटत असेल, तर सॅडलवर धारदार कंगोरा राहिला आहे असे समजा. बारीक पॉलिश पेपरने तो घासून काढता येतो.

आणि सूर उतरतो म्हणून लगेच ब्रिजला दोष देऊ नका. तारा नवीन असल्या तर पहिले काही दिवस ताणल्या जातातच. पुष्कळदा तार नटच्या खाचेत अडकते आणि 'टक्' असा आवाज करून सुटते. त्या खाचेत शिसपेन्सिलीचे टोक घासा. त्यातील ग्राफाइटची पूड वंगणाचे काम करते. एका पेन्सिलीत वर्षभराची सोय होते.

पालकांनी दुकानात मुलाला पुढे करून गप्प उभे राहू नये. तुम्हांला गिटार वाजवता येत नसली, तरी हलणारा भाग आणि स्थिर भाग यांतला फरक तुम्हांला कळतो. तुमच्यातले कित्येक जण रोज यंत्रावर उभे राहतात. दुकानदाराला सरळ विचारा, "तार तुटली तर बाकीच्या सुरात राहतील का?" या एका प्रश्नाचे उत्तर तो कसे देतो, त्यावरून ब्रिजही कळेल आणि दुकानही.

पुढील लेखात ॲम्प्लिफायरविषयी लिहिणार आहोत. चाळीतल्या एका खोलीत किती वॅटचा पुरतो, आणि शेजाऱ्यांची तक्रार न येता सराव कसा करावा, याबद्दल वाचकांनी आपले अनुभव जरूर कळवावेत.